अंगाई म्हणून बाळाला झोपवताना: नव्या आईबाबांसाठी

गळा गोड नाही, सूर लागत नाही, गाणी पाठ नाहीत, या तीन कारणांनी बरेच जण अंगाई म्हणायचं टाळतात आणि फोनवर गाणं लावून मोकळे होतात. बाळाला यातलं काहीच खटकत नाही. त्याला ओळखीचा आवाज हवा असतो, आणि तो आवाज हळूहळू मंद, खालचा आणि विरळ होत जायला हवा असतो. अंगाई शिकायची म्हणजे मुख्यतः ही उतरण शिकायची. गाणं कुठलंही चालेल. ते कमी करत कसं न्यायचं, कधी काय गाळायचं आणि बाळ खाली ठेवताना काय करायचं, सगळी मेख तिथे आहे.

## अंगाईनं बाळाच्या शरीरात काय होतं

गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत बाळ बाहेरच्या आवाजांना प्रतिसाद देत असतं, आणि त्यात सर्वांत जास्त ऐकलेला आवाज आईचा. अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी 1980 साली 'सायन्स' नियतकालिकात दाखवून दिलं की तीन दिवसांचीही न झालेली बाळं चोखणी चोखण्याची लय बदलून परक्या बाईच्या आवाजाऐवजी आईचा आवाज ऐकणं पसंत करतात. म्हणजे तुमचा आवाज बाळाला जन्मतःच ओळखीचा असू शकतो. बाबा, आजी, मावशी यांचे आवाज काही आठवड्यांत ओळखीचे होतात, फक्त रोज कानावर पडायला हवेत.

शब्द कळायची गरज नाही. हार्वर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 मध्ये बाळांना अनोळखी भाषांमधली गाणी ऐकवली. त्यातल्या अंगाया ऐकताना बाळांचे हृदयाचे ठोके इतर गाण्यांपेक्षा जास्त मंदावले. अकरा रुग्णालयांतल्या 272 अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर झालेला एक अभ्यास 2013 मध्ये 'पेडिअ‍ॅट्रिक्स'मध्ये छापून आला. त्यातही समोर बसून म्हटलेल्या अंगाईनं ठोके खाली आले. आईवडिलांनी स्वतः निवडलेलं गाणं, मग ते मुळात अंगाई नसलं तरी, संथ करून अंगाईसारखं म्हटलेलं चाललं. एका वेगळ्या अभ्यासातलं निरीक्षणही कामाचं आहे. सहा ते नऊ महिन्यांची बाळं गाणं ऐकताना सरासरी नऊ मिनिटं न रडता राहिली, आणि त्यांच्याशी लाडानं बोललेलं ऐकताना जेमतेम चार. ती गाणी तर खेळकर होती, तीही परक्या भाषेत.

या सगळ्यातून 'अंगाई लावली की बाळ झोपतं' असं मात्र निघत नाही. अंगाई शरीराला खाली आणते: ठोके, श्वास, हातापायांची ओढाताण. झोप त्यानंतर आपोआप येते, पण ती येण्याइतकं बाळ दमलेलं हवं आणि भुकेलं नको. म्हणून गाण्याच्या आधी वेळेचं पाहू.

## सुरुवात कधी करायची

नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक गाण्यात नसते, घड्याळात असते. बाळ रडायला लागलं की अंगाई सुरू होते, आणि तोवर उशीर झालेला असतो. जास्त दमलेलं बाळ लवकर झोपत नाही. उलट त्याचं शरीर ताणाखाली जागं राहतं, हातपाय झाडतं, पाठ ताणून मागे पडतं.

झोपेच्या खुणा रडण्याच्या बऱ्याच आधी दिसतात. नजर एका जागी खिळते, भुवयांखालची कातडी लालसर होते, बाळ तुमच्याकडून तोंड फिरवतं, कान किंवा डोळे चोळतं, हालचालींत धसके येतात. जांभई त्यामानाने उशिराची खूण. नजर खिळली की हातातलं काम ठेवा आणि बाळाला घ्या.

खुणा ओळखता येईपर्यंत अंदाजासाठी हे धरा: पहिल्या दीड-दोन महिन्यांत बाळ एका वेळी पाऊण ते एक तास, फार तर दीड तास जागं राहतं. तीन-चार महिन्यांचं दीड ते दोन तास, सहा महिन्यांचं दोन ते तीन, वर्षाचं तीन ते चार. चोवीस तासांतली एकूण झोप जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पहिल्या तीन महिन्यांत 14 ते 17 तास, त्यानंतर अकराव्या महिन्यापर्यंत 12 ते 16, एक ते दोन वर्षांत 11 ते 14 आणि तीन-चार वर्षांत 10 ते 13 तास असावी. बाळ यात बसत असेल तर शेजारच्या बाळापेक्षा कमी झोपतं म्हणून जास्तीची अंगाई म्हणत बसू नका. झोप नसलेल्या बाळाला कोणतंही गाणं झोपवत नाही.

सुरू करण्याआधी पोट भरलेलं, ढेकर काढलेली, दुपटं किंवा डायपर कोरडं, कपडे फार जाड नाहीत, दिवे मंद, इतकं पाहून घ्या. रात्रीच्या झोपेआधी अर्धा तास दिवे उतरवलेले बरे. पहिल्या दोन-तीन महिन्यांत बाळाला रात्र-दिवस कळतच नाही, त्यामुळे त्या काळात रात्रीची अंगाई 'लागू' पडली नाही तर त्यात तुमचं काही चुकत नाही.

## गाणं कसं असावं

जगभरातल्या अंगायांमध्ये काही गोष्टी इतक्या सारख्या आहेत की परक्या माणसालाही त्या ओळखू येतात. 60 देशांतल्या श्रोत्यांना 86 समाजांतल्या गाण्यांचे तुकडे ऐकवले, तर यातली अंगाई कुठली हे त्यांना बऱ्यापैकी बरोबर सांगता आलं. हा अभ्यास 2018 चा. तुम्ही निवडलेल्या गाण्यात याच गोष्टी आहेत का ते पाहा.

सुरांचा पल्ला छोटा हवा, सा ते प पुरे. वर चढलेली ओळ खाली येऊन थांबायला हवी. तेच तेच पुन्हा यायला हवं. ताल झुलता हवा: सहा मात्रांचा, दादऱ्यासारखा, तीन-तीनचे दोन झोके असलेला. शब्दांत ओढून म्हणता येतील असे स्वर आणि म, न, ल अशी मऊ अक्षरं जास्त हवीत. 'ट', 'च', 'स' यांचे फटकारे कानाला लागतात, विशेषतः बाळाचा कान तुमच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असतो तेव्हा.

आवडतं चित्रपटगीतही चालतं, मात्र अंतरा उंच जाणारा असेल तर तो सोडून मुखडाच फिरवत राहायचा.

काहीच सुचत नसेल तर ही चाल घ्या. प्रत्येक ओळ सहा मात्रांची, आडवी रेघ म्हणजे आधीचा सूर एक मात्रा लांबवायचा:

ग – ग | रे – सा : रा – त | झा – ली
रे – रे | सा – – : नी – ज | ना – –
ग – म | ग – रे : दा – र | झो – पे
रे – रे | सा – – : नी – ज | ना – –

तिसऱ्या ओळीतला पहिला शब्द दर वेळी बदलायचा: खाट झोपे, चांद झोपे, पान झोपे, गाय झोपे, बूट झोपे. पहिलं अक्षर दीर्घ असलेला दोन अक्षरी शब्द हवा, म्हणजे तालात बसतो. शब्द संपले की पुन्हा दारापासून. हे मुद्दाम कंटाळवाणं आहे आणि तसंच राहू द्या. म्हणणाऱ्याला कंटाळा येऊन जांभया यायला लागल्या तर अंगाई बरोबर चालली आहे असं समजा.

पट्टी ठरवायची सोपी रीत: तोंड मिटून जितक्या खाली सहज गुणगुणता येईल तो तुमचा सा. छातीवर हात ठेवला तर कंप जाणवायला हवा. बाळ छातीशी असताना हा कंप त्याला अंगभर लागतो, आणि वरच्या पट्टीत म्हटलं की तो जातो. लहान मुलांसमोर आपला आवाज सवयीनं बारीक आणि हसरा होतो. खेळवताना तो हवा, झोपवताना नको.

एकच गाणं पुरेसं आहे. फार तर दोन, आणि त्यांचा क्रम ठरलेला. रोज नवं गाणं म्हटलं तर बाळाला ते 'झोपेची वेळ झाली' म्हणून ओळखताच येत नाही. किमान दोन आठवडे एकच गाणं चालवा आणि मग लागू पडतंय का ते ठरवा.

## थोपटणं

अंगाईचा अर्धा भाग हाताचा. तळवा किंचित वाटीसारखा पोकळ करून, मनगट सैल ठेवून थोपटायचं. आवाज 'टप्' असा नको, 'ढब' असा दबका यायला हवा. खांद्यावरच्या बाळाला पाठीच्या वरच्या भागावर किंवा बुडावर, आडव्या बाळाला मांडीवर किंवा कुशीवर. डोक्यावर, पोटावर थोपटू नका. नुकतंच दूध पाजलेलं असेल तर पोटाकडचा प्रत्येक धक्का दूध वर आणतो.

थाप पडायची पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर, म्हणजे ओळीला दोन. वरच्या कडव्याला आठ थापा झाल्या. सेकंदकाट्याकडे बघत एकदा सराव करून घ्या. सेकंदाला एक थाप धरली तर कडवं आठ सेकंदांत संपतं, ही मधली गती. दोन सेकंदांना एक थाप धरली तर सोळा सेकंद लागतात, ही झोपेची गती. पहिल्यांदा करून पाहाल तर ही दुसरी गती चमत्कारिक संथ वाटते. तरी तीच हवी. सोळा सेकंदांच्या कडव्यात दर दोन ओळींना एक श्वास घ्यायचा, तोही नाकानं, घाईनं हापकल्यासारखा नको.

हात आणि गाणं यांची लय एकच ठेवा. गाणं संथ आणि हात घाईत, असं फार वेळा होतं. विशेषतः मन दुसरीकडे असलं की. बाळ हाताकडे लक्ष देतं.

## प्रत्यक्ष झोपवताना

1. बाळ जिथे आहे तिथून सुरू करा. रडत्या बाळाला एकदम सोळा सेकंदांचं कडवं लागू पडत नाही, ते त्याला ऐकूच येत नाही. सुरुवातीला थोडं जोरात, थोडं जलद, त्याच्या रडण्याच्या लयीला भिडेल असं म्हणा, आणि त्याने श्वास घेण्यासाठी उसंत घेतली की तिथून गती उतरवायला लागा. संगीतोपचारात याला आयसो तत्त्व म्हणतात: आधी माणसाच्या अवस्थेशी जुळवायचं, मग हळूहळू हव्या त्या अवस्थेकडे न्यायचं. रडणं आवाजानं दाबायचा प्रयत्न मात्र करू नका. बाळाचा आवाज चढला की तुमचाही चढतो आणि दोघंही वर वर जात राहतात.

2. रडणं चालूच असेल तर उठून चाला. जपानमधल्या संशोधकांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं की रडतं बाळ छातीशी घेऊन पाच मिनिटं, मध्ये न थांबता, सपाट जागेवर एकसारखं चाललं की बरीच बाळं शांत होतात आणि काही झोपूनही जातात. नुसतं बसून धरल्यानं तसं होत नाही. चालताना वळणं कमी ठेवा, अचानक थांबू नका. पावलांवर गाणं बसवा, तीन मात्रांना एक पाऊल.

3. शांत झालं की बसा, आणि आता नजर काढून घ्या. हे बऱ्याच जणांना जड जातं. बाळ टकमक बघत असताना त्याच्याकडे बघून हसावंसं वाटतं. पण नजरेला नजर भिडली की बाळाला ते खेळायचं आमंत्रण वाटतं. त्याच्या कपाळाकडे किंवा खांद्यापलीकडे बघा.

4. इथून उतरण. आधी गती सेकंदाला एक थापेवरून दोन सेकंदांना एकीवर आणा, तीन-चार मिनिटांत. मग शब्द गाळा: आधी 'दार झोपे', 'खाट झोपे' जाईल आणि फक्त 'नीज ना' राहील, मग त्याचंही 'ना… ना…' होईल, मग मिटल्या ओठांनी गुणगुण. मग एक ओळ गुणगुणायची, एक ओळ नुसती थापांवर सोडायची. शेवटी गुणगुण जाते आणि हात उरतो. मग थापेची जागा नुसता ठेवलेला हात घेतो. प्रत्येक पायरीला मिनिट-दीड मिनिट द्या. मध्येच बाळ चाळवलं तर एकच पायरी मागे जा. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं नाही.

5. थांबा. डोळे मिटले म्हणजे बाळ झोपलं असं नाही. तान्ह्या बाळाची झोप हलक्या, हालचालींच्या झोपेनं सुरू होते. पापण्यांखाली बुबुळं फिरतात, ओठ हलतात, मधूनच हसू येतं, श्वास कमीजास्त होतो. ही अवस्था वीसेक मिनिटंही चालते आणि त्यात खाली ठेवलं की बाळ दचकून उठतं. वर सांगितलेल्या जपानी अभ्यासात झोपलेल्या बाळाला घेऊन पाच ते आठ मिनिटं बसून मगच ठेवावं असं सुचवलं आहे. हात उचलून बघा: कोपरापासून सैल सुटून खाली आला, मूठ उघडी राहिली, श्वास एकसारखा झाला, की ठेवायला हरकत नाही.

6. ठेवणं. बाळाची पाठ गादीला टेकली म्हणून ते जागं होतं असा समज आहे. त्या अभ्यासात ठोके वाढताना दिसले ते त्याआधी, बाळ पालकाच्या अंगापासून सुटायला लागलं तेव्हा. म्हणून गादीवर पूर्ण वाकून, बाळ छातीशीच ठेवून खाली न्या. आधी बूड टेकवा, मग पाठ, शेवटी डोकं. तुमची छाती सर्वांत शेवटी सुटेल असं पाहा. या क्षणी गुणगुण पुन्हा सुरू करा, अगदी हलकी, म्हणजे अंग सुटलं तरी आवाज सुटत नाही. एक हात बाळाच्या छातीवर, दुसरा बुडाखाली. बुडाखालचा आधी काढा. छातीवरचा मिनिट-दोन मिनिटं राहू द्या. मग त्याचं वजन हळूहळू कमी करत उचला.

ठेवायचं ते उताणं, घट्ट आणि सपाट गादीवर, आणि जवळ उशी, गोधडी, मऊ खेळणी काहीही नको. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सच्या 2022 च्या सूचना हेच सांगतात, आणि पहिले किमान सहा महिने बाळाचं झोपणं पालकांच्याच खोलीत पण वेगळ्या अंथरुणावर असावं असंही सांगतात. बाळाला घट्ट गुंडाळत असाल तर ते कुशीवर वळायची लक्षणं दाखवू लागताच गुंडाळणं बंद करा. झुल्यात, तिरक्या खुर्चीत किंवा गाडीतल्या आसनात अंगाई म्हणून झोपवलं तर झोपल्यावर सपाट जागी हलवा. तिरकं बसलेल्या तान्ह्याची हनुवटी छातीवर टेकून श्वासाची वाट दबू शकते. आणि अंगाई म्हणता म्हणता सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला घेऊन तुमचाच डोळा लागणं, हे सर्वांत धोक्याचं. पेंग यायला लागली तर दुसऱ्या कुणाला हाक मारा, नाहीतर बाळ जागं असलं तरी त्याच्या जागी ठेवा.

साधारण दहा मिनिटांच्या झोपवण्यात वरचं कडवं चाळीसेक वेळा होतं. वीस-पंचवीस मिनिटांनंतरही बाळ टक्क जागं असेल तर सोडून द्या. दिवा थोडा वाढवा, अर्धा तास इकडेतिकडे करा आणि नव्यानं सुरू करा.

## कुठे बिघडतं

बाळ झोपता झोपता दचकून उठत असेल तर गाणं बहुधा एकदम थांबलंय. आवाज सलग असताना अचानक शांतता झाली तर तोही बाळासाठी एक धक्काच असतो. शेवटच्या पायऱ्यांना जास्त वेळ द्या.

रोज एका ठरावीक ओळीला डोळे उघडत असतील तर ती ओळ म्हणून बघा. तिथे सूर चढतोय, किंवा तुम्ही श्वास ओढताय, किंवा कडक अक्षर येतंय. गाळून टाका, कविता पूर्ण व्हायलाच पाहिजे असं नाही.

आईकडे झोपत नाही पण बाबांकडे लगेच झोपतं, याचं कारण पुष्कळदा दुधाचा वास असतो. अंगावर पिणारं बाळ आईच्या कुशीत झोपेपेक्षा दूध शोधतं. अशा वेळी दूध पाजून झाल्यावर अंगाईचं काम दुसऱ्यानं घ्यावं. दोघांनी एकाच वेळी म्हणू नये.

आणि घाई. समोर कामं पडलेली असतात, बाळ झोपावं म्हणून मन ओढ घेत असतं, आणि म्हणणाऱ्याचा श्वास आखूड होतो. छातीशी असलेल्या बाळाला तो थेट लागतो. यावर उपाय गाण्यातच आहे: ओळ लांबवली की सोडलेला श्वास लांबतो, आणि लांब श्वास सोडल्यानं तुमचेही ठोके उतरतात. पहिली चार-पाच कडवी स्वतःसाठी म्हणा म्हटलं तरी चालेल.

सहाव्या आठवड्याच्या आसपास बाळांचं रडणं शिगेला असतं, विशेषतः संध्याकाळी, आणि तीन-चार महिन्यांनंतर ते कमी होतं. त्या काळात काही संध्याकाळी काहीच चालत नाही. डोकं तापायला लागलं, बाळाला हलवणारा हात जोरात पडतोय असं वाटलं, तर बाळाला त्याच्या जागी उताणं ठेवा, दार ओढून घ्या आणि पाच-दहा मिनिटं बाहेर उभे राहा. रडण्यानं त्याला काही होणार नाही, गदागदा हलवण्यानं मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आणि रडण्याचा सूरच वेगळा असेल, बाळ दूध घेत नसेल, सुस्त पडलं असेल, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप असेल, तर ही वेळ अंगाईची नाही. डॉक्टरांकडे जा.

## फोन आणि यंत्रं

रेकॉर्ड केलेलं गाणं तुमच्याबरोबर खाली उतरत नाही. बाळ चाळवलं तरी ते त्याच गतीनं पुढे जातं, आणि संपलं की पुढचं, बहुधा जाहिरातीसकट, दणक्यात सुरू होतं. लावायचंच तर स्वतःच्या आवाजात दहा मिनिटं रेकॉर्ड करा, शेवटची तीन मिनिटं नुसती गुणगुण ठेवा, फोन विमान मोडवर, पडदा पालथा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला.

पावसासारखा किंवा पंख्यासारखा सतत आवाज करणाऱ्या यंत्रांबाबत दोन आकडे लक्षात ठेवा: बाळापासून किमान दोन मीटर लांब, आणि बाळाच्या कानाशी 50 डेसिबलच्या आत. म्हणजे त्या आवाजात कुजबुज ऐकू यायला कठीण जाईल, पण हलक्या आवाजातलं बोलणं ऐकू यायला हवं. रात्रभर चालू ठेवू नका.

## सवय लागली तर

चार-सहा महिन्यांनंतर हा प्रश्न येतोच. बाळाचं झोपेचं एक चक्र साधारण पाऊण ते एक तासाचं असतं आणि प्रत्येक चक्राच्या शेवटी ते थोडं जागं होतं. झोपताना जे होतं तेच त्याला तेव्हा हवं असतं. अंगाई ऐकतच गाढ झोपलेलं बाळ रात्री तीन वाजता अंगाई मागतं.

आमच्या मते बाळाला जितक्या सवयी लागू शकतात त्यात अंगाईची सर्वांत सोयीची, कारण ती थोडी थोडी कापता येते. कडेवर फिरवण्याची सवय अर्धी करता येत नाही. गाण्याची येते. रोज गुणगुण थांबायची वेळ थोडी अलीकडे आणा: आधी डोळे मिटल्यावर, आठवड्यानं डोळे जड झाल्यावर, मग बाळ पेंगुळलेलं पण जागं असताना गाणं संपवून खाली ठेवा आणि नुसता हात ठेवा. कुरकुर झाली तर गुणगुण, कडेवर घेणं नाही. रात्री मध्ये उठल्यावर शब्द कधीच म्हणू नका, थेट गुणगुणीच्या पायरीवरून सुरू करा, दिवा न लावता.

हे कुणाला करायचं नसेल तर करू नये. दोन वर्षांच्या मुलाला रोज पूर्ण अंगाई म्हणून झोपवण्यात बिघडत काही नाही, झोपवणारं माणूस थकत नसेल तर.

## ऐकू न येणारं बाळ

अंगाईला, हाकेला, मोठ्या आवाजाला तान्हं बाळ कधीच दचकत किंवा थबकत नसेल, सहा महिन्यांचं झालं तरी आवाजाच्या दिशेनं वळत नसेल, तर श्रवणचाचणी करून घ्या. जन्मानंतरची चाचणी ठीक आलेली असली तरी. कमी ऐकणाऱ्या बाळाला अंगाई लागू पडते ती कंपातून आणि हातातून: बाळाचा गाल किंवा छाती तुमच्या छातीच्या हाडावर टेकवा, पट्टी शक्य तितकी खाली घ्या, थापेची लय अजिबात चुकू देऊ नका. उतरणीचा क्रम तोच, फक्त शेवटी आवाजाऐवजी दाब कमी करत न्यायचा.

## दीड-दोन वर्षांनंतर

आता मूल गाण्यात भाग घेतं, आणि तिथेच पंचाईत होते. 'आता कुत्रा झोपे म्हण, आता बस झोपे म्हण' असं सुरू झालं की झोप लांबते. शब्द सुचवायचा हक्क पहिल्या पाच फेऱ्यांपुरता द्या, पाचही बोटं दाखवून. त्यानंतरची कडवी तुमची, आणि ती संथ. 'अजून एक' वर वाद घालायचा नाही. आकडा आधीच ठरलेला आणि रोज तोच असला की आठवडाभरात मागणी कमी होते. एकदा जरी 'बरं, आज शेवटचं' म्हणून वाढवून दिलंत तर पुढचे चार दिवस तेच ऐकावं लागेल. दोनपैकी कोणतं गाणं हे मुलाला निवडू द्या, म्हणायचं की नाही हे नाही.

झोपवायचं गाणं दिवसा खेळताना, गाडीत, पाहुण्यांसमोर म्हणवून घेऊ नका. त्याची झोपेशी बांधलेली गाठ सैल होते.

बाळ दुसऱ्या कुणाकडे झोपणार असेल तर गाण्याचे शब्द, कोणती पायरी किती मिनिटं आणि थाप कुठे, एवढं कागदावर लिहून द्या, आणि एक-दोनदा शेजारी बसवून दाखवा. चाल थोडी वेगळी झाली तरी चालेल, क्रम तोच राहायला हवा.